पाणी तोडलं तरी भाडं थांबवू नका

प्रश्न : धुळ्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आम्ही अकरा बिऱ्हाडं भाड्याने राहतो. खोली सासऱ्यांनी घेतली होती. ते वारले, पण पावत्या अजून त्यांच्याच नावाने निघतात. लेखी करार नाही. मालकाच्या मुलांनी वाडा एका बिल्डरला विकला. तो एकेका घराला बोलावून म्हणतो, पन्नास हजार घ्या आणि महिन्यात खोली सोडा. गेल्या आठवड्यात त्याने पाण्याच्या मोटारीची वीज तोडली. वाड्यातली पोरं म्हणतात, "आते कोणीच भाडं देवानं नही." आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, पोरांचा राग रास्त आहे. तरी भाडं बंद करायचं ठरलं असेल तर ते आजच मागे घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ नुसार भाडं देणाऱ्याला, किंवा द्यायला तयार असणाऱ्याला, मालक सहजासहजी बाहेर काढू शकत नाही. तुमचं सगळं संरक्षण त्या तयारीवर उभं आहे. थकबाकीच्या कारणावर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत द्यावी लागते. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी, १५ टक्के व्याज आणि खर्च भरून घर वाचवता येतं. पण अकरा घरांपैकी किती जणांना तेव्हा एकरकमी भरणं जमेल? बिल्डरच्या हाती हे कारण देऊच नका.

भाडं कोणाला द्यायचं? विक्री झाल्याचं लेखी कळवलं नसेल तर आतापर्यंत ज्यांना देत होतात त्यांनाच. दरम्यान दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीचा उतारा, काढा, म्हणजे आजचा मालक कोण ते कागदावर दिसेल. नव्या मालकाने हातात पैसे घेतले नाहीत तर मनीऑर्डर करा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आली तर फेकू नका. तुमची तयारी कोर्टात दाखवणारा तोच पुरावा.

करार नाही म्हणून घाबरू नका. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर. पावत्या सासऱ्यांच्या नावाने असल्या तरी, ते गेले तेव्हा सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो. तेव्हाचं रेशनकार्ड, वीजबिल, मुलांच्या शाळेचे दाखले काढून ठेवा.

आता पाणी. धुळ्यात नळाला मुळात काही दिवसांआड पाणी येतं. त्यात मोटार बंद म्हणजे वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी हंडे घेऊन जिने चढायचे. हा छळ आहे आणि कलम २९ नुसार तो बेकायदा आहे. दिवाणी न्यायालयात अर्ज करून पुरवठा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश मागा. अर्ज आपापल्या नावाने करा, पण सगळ्यांनी एकाच दिवशी. तुटलेल्या वायरीचे तारीख दिसणारे फोटो जोडा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वाडा पाडून नवी इमारत बांधायची म्हणून खोल्या हव्यात, असं बिल्डर म्हणेल. त्यासाठीही कोर्टाचा हुकूमनामा लागतो. पैसा आणि नकाशे तयार आहेत, नव्या इमारतीत निदान तेवढीच घरं होतील, प्रत्येक भाडेकरूला आताच्याच क्षेत्रफळाची (पाच टक्के कमीजास्त) जागा देऊ आणि ताबा मिळाल्यापासून पंधरा महिन्यांत बांधकाम संपवू, हे त्याला तिथे दाखवून लिहून द्यावं लागतं. पन्नास हजारांत तो तुमच्याकडून हा हक्क विकत घेतोय. शहरात ज्यांना दुसरं परवडणारं घर नाही, त्यांना हा सौदा महागात पडेल.

मला खरी भीती फुटीची वाटते. दोनतीन घरं पैसे घेऊन गेली की त्यांच्या खोल्यांची दारं निघतात, पत्रे निघतात, पावसाचं पाणी तुमच्या भिंतीत मुरतं आणि मग वाडा धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस लागते. तशी वेळ आली तरी सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा, सांगलीच्या एका प्रकरणातला निकाल तुमच्या बाजूने आहे : महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. भिंत खरोखर फुगली असेल तर जीव धोक्यात घालून राहू नका. पण बाहेर पडण्याआधी खोलीचं मोजमाप महापालिकेकडून लेखी मागून घ्या.

म्हणून अकरा घरांची समिती करा. नोंदणीची घाई नको. सध्या एक वही, सगळ्यांच्या सह्या आणि बोलणी करायला दोन माणसं पुरेत, त्यांत एक बाई असू द्या. दुरुस्तीची मागणीही एकत्र करा. कलम १४ नुसार भाडेकरूंनी मिळून पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतरही वाजवी वेळेत मालकाने काम केलं नाही तर ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मर्यादा एवढीच की वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त कापायचं नाही. पोरांना काही करून दाखवायचं असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या.

बिल्डरने बोलावलं तर एकट्याने जाऊ नका आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. कुणी आधीच केली असेल तर ते लपवू नका. तो माणूस, त्याला दिलेली रक्कम आणि तारीख, सगळं अर्जात यायला हवं.