जुनी रॅम नव्या बोर्डात बसेल का?

प्रश्न: पहिल्यांदाच गेमिंग पीसी असेंबल करतोय. रायझन ५ ७६०० प्रोसेसर घ्यायचं ठरलंय, मित्राकडून १६ जीबी डीडीआर४ रॅम फुकट मिळतेय, चालेल ना? आणि कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएसच (पॉवर सप्लाय) ठेवू का?

उत्तर: नाही रे चालणार, ७६०० एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), तिथे फक्त डीडीआर५ लागते, खाचच वेगळ्या जागी असते त्यामुळे जोर लावून बसवायला जाऊ नकोस. फुकटची रॅम वापरायचीच तर रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड घे, १०८०पी (फुल एचडी) गेमिंगला मस्त पुरतो, फक्त त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नाही म्हणजे ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळीच. वाचलेले पैसे कार्डात घाल, आरजीबी पंखे नंतर बघू. तो फुकट एसएमपीएस मात्र नकोच, माझा एकदा जाताना बोर्डपण घेऊन गेला. ८० प्लस ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) ५५० वॉटचा घे, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाला आरामात पुरतो.