यॉर्कमधे गेट म्हणजे गेट नव्हे

प्रश्न: ताई, आम्ही लंडनला राहतो, सध्या सासूसासरे आलेत. सासरे रेल्वेतून रिटायर झालेले, गुडघे दुखतात त्यांचे, सासूबाई पक्क्या शाकाहारी आणि लेक चार वर्षांचा. शनिवारी यॉर्कला जाऊन रात्री परत यायचंय. नवऱ्याने यादी काढलीय, मिन्स्टर म्हणजे तिथलं मोठं चर्च, अख्खी तटबंदी, यॉर्विक हे व्हायकिंग म्युझियम, क्लिफर्ड्स टॉवर हा जुन्या किल्ल्याचा बुरूज, शॅम्बल्स ही जुनी गल्ली, रेल्वे म्युझियम. होईल का एवढं? आणि खायचं काय?

उत्तर: अगं, यादी होईल पण माणसं संपतील. निम्मी यादी आत्ताच खोड.

किंग्ज क्रॉसवरून फास्ट गाडीने साधारण दोन तास लागतात, तिकीट आधीच काढा, आयत्या वेळी फार महाग पडतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. आणि साठीच्या पुढच्या कुणालाही सिनियर रेलकार्ड काढता येतं, पासपोर्ट दाखवला की झालं, तिकिटावर १/३ सूट मिळते, दोघांचंही बघ.

उतरल्यावर सगळे मिन्स्टरकडे पळतात, तुम्ही नका पळू. रेल्वे म्युझियम स्टेशनच्या पाठीमागेच आहे, फुकट आहे, तिथूनच सुरुवात करा. मॅलार्ड नावाचं निळं इंजिन आहे तिथे, १९३८ साली ताशी १२६ मैल म्हणजे २०३ किलोमीटर पळालं होतं, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. जपानच्या पहिल्या बुलेट ट्रेनचा डबापण आहे, आत जाऊन बसता येतं, गुडघ्यांना तेवढाच आराम. सासऱ्यांना इथे घाई करू नका, हा दिवस त्यांचाच आहे असं समजा.

मग लेंडल पूल ओलांडला की लगेच म्युझियम गार्डन्स. सेंट मेरीज ॲबी या जुन्या मठाच्या पडक्या कमानी, हिरवळ, बाकं, खारी, लेक खारींच्या मागे धावेल तोवर तुम्ही डबा उघडा. हो, डबा न्याच! यॉर्कशायरमधे चिप्स बऱ्याच ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात, नुसत्या बटाट्याच्या फोडी म्हणून सासूबाईंच्या हातात देशील आणि मग वर्षभर ऐकशील. घ्यायच्याच असतील तर कशात तळल्यात ते आधी विचार.

मिन्स्टरला तिकीट आहे पण आत जाच. पूर्वेची मोठी खिडकी १४०८ साली पूर्ण झाली, जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी रंगीत काच आहे, समोर खुर्चीत बसून बघायची. मिन्स्टरच्या टॉवरला २७५ पायऱ्या आहेत, तो विषयच काढू नका.

तटबंदी तीन किलोमीटरच्या वर आहे, जिने अरुंद, आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे लेकाला आजीकडे ठेवून तुम्ही दोघंच बूथम बार ते मंक बार एवढा तुकडा चाला, मिन्स्टर सगळ्यात छान तिथूनच दिसतं. बार म्हणजे इथे वेस हं, पब नाही, आणि गेट म्हणजे रस्ता, व्हायकिंग लोकांच्या भाषेतल्या गाता शब्दावरून आलाय तो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्टोनगेटमधे उभी राहून दगडी दरवाजा शोधत होते, नवरा अजून चिडवतो.

शॅम्बल्स शेवटी, अर्ध्या तासात होतं. जुनी खाटीकगल्ली आहे ती, वरचे मजले एवढे पुढे आलेत की मांसावर ऊन पडू नये, काही दुकानांवर मांस टांगायचे आकडे अजून आहेत. सासूबाईंना गल्लीचा इतिहास सांगायचा की नाही ते तू ठरव, मी तर सांगणार नाही. शनिवारी गर्दी मात्र मरणाची, लेकाचा हात सोडू नका.

यॉर्विक आणि क्लिफर्ड्स टॉवर राहू देत. नवरा कुरकुर करेल, त्याला म्हणावं परत येऊ आपण दोघंच.