मुलगी दहावीत आहे, सिडनीत. अकरावीला इंग्लिश स्टँडर्ड घ्यावं की ॲडव्हान्स्ड?

पहिलं म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनीचं राज्य) एचएससीला, म्हणजे बारावीला, इंग्लिश सोडता येतच नाही, आणि एटारच्या (युनिव्हर्सिटी प्रवेशासाठीच्या रँकच्या) १० युनिटमध्ये इंग्लिशची किमान २ धरतातच (बहुतेक विषय २ युनिटचे असतात), म्हणजे इथे घेतलेला निर्णय शेवटपर्यंत सोबत राहणार. आपल्या लोकांत 'ॲडव्हान्स्डच घे, स्केलिंग चांगलं होतं' (म्हणजे एटार काढताना वेगवेगळ्या विषयांचे मार्क एका मापात आणतात तेव्हा फायदा होतो) हे फार चालतं, पण स्केलिंगने कच्चे मार्क वर येत नाहीत हो! तिला वाचायला आवडत असेल, शेक्सपिअरवर निबंध लिहायची तयारी असेल तर ॲडव्हान्स्ड घ्याच, कारण स्टँडर्डमध्ये बँड ६ (सगळ्यात वरची श्रेणी) मिळणारी मुलं अगदीच मोजकी असतात, आणि पुढे इंग्लिश एक्स्टेन्शन (त्याच्या वरचा जादा कोर्स) करायचं तर ॲडव्हान्स्डच लागतं. पण वाचनाचा कंटाळा आणि वर मॅथ्स एक्स्टेन्शन, फिजिक्स, केमिस्ट्री असं सगळं असेल तर स्टँडर्ड घेण्यात कमीपणा काही नाही, युनिव्हर्सिटीला त्यानेही जाता येतं.

मन ठरत नसेल तर ॲडव्हान्स्डने सुरुवात करू द्या, खाली उतरणं वर चढण्यापेक्षा सोपं असतं, फक्त शाळेत शेवटची तारीख आधीच विचारून ठेवा. आणि तिच्या इंग्लिशच्या टीचरशी बोला, क्लासवाल्यांशी नको.