मुंबईत नुकतेच राहायला आलोय. दोन वर्षांच्या मुलाला रोज बाहेर कुठे न्यावं?

तुम्ही लिहिलंय की मिरजेहून मुलुंडला येऊन दोनच महिने झालेत, मिस्टर सकाळी आठला जातात ते रात्रीच उगवतात, बिल्डिंगमध्ये अजून ओळख नाही आणि पोरगा दिवसभर मोबाइल मागतो. तिकडे अंगण होतं, इथे गॅलरीलाही जाळी. आम्ही अकोल्याहून भांडुपला आलो तेव्हा आमची लेक साधारण एवढीच होती, त्यामुळे तुमचा प्रश्न शब्दन्‌शब्द पटला.

जागांची यादी तुम्हाला कुणीही देईल. माझं म्हणणं एवढंच, की मुंबईत लहान पोराला घेऊन निघताना आधी वेळ ठरवा, जागा मग बघू. तीच चौपाटी, तेच स्टेशन, तीच बाग सकाळी सातला मजेची असते आणि अकराला जीव नकोसा करते. इथे ऊन, लोकलची गर्दी आणि समुद्र या तिघांचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. ते एकदा अंगवळणी पडलं की फिरणं सोपं होतं.

उन्हाचं थोडक्यात सांगते. आमच्या अकोल्याला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, पण झाडाखाली गेलं की सुटका होते. इथे 33-34 अंशांतच सावलीत बसूनही घामाच्या धारा लागतात, कारण हवा दमट. पोरांच्या मानेवर घामोळ्या उठतात त्या यामुळेच. मार्च ते मे आणि ऑक्टोबरात सकाळी नऊच्या आत घरी, नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर बाहेर. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो हे खरं, पण तो आपल्या मुलुंड-भांडुपपर्यंत पोचेपर्यंत त्याचा जोर गेलेला असतो. मधल्या वेळात पोरगं किरकिरलं तर बाथरूममध्ये बादली आणि मग देऊन बसवा, तेही फिरणंच समजा.

आता लोकल. नवीन माणूस लोकलला घाबरतो आणि रिक्षा-टॅक्सीत पैसे घालवतो. पण दोन वर्षांच्या मुलासाठी लोकल म्हणजेच सहल असते, पुढे काही असो वा नसो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटही लागत नाही. फक्त गर्दीची दिशा लक्षात ठेवा. सकाळी सगळं लोंढ्याने सीएसएमटीकडे जातं, संध्याकाळी उलट. म्हणून सकाळी तुम्ही ठाण्याकडे निघा. मुलुंडच्या पुढचंच स्टेशन. त्या दिशेच्या धीम्या गाडीत, लेडीज डब्यात, बऱ्याचदा खिडकीही मिळते. ठाणे पश्चिमेला उतरून चालत तलावपाळी गाठायची. मासुंदा तलावाच्या कडेने फिरायला चांगली वाट आहे, बोटी आहेत, समोर कोपिनेश्वराचं देऊळ. 1853 साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून 34 किलोमीटरवर याच ठाण्याला आली होती. पोराला त्याचं काही नाही, पण आपल्याला बरं वाटतं. परत येताना मात्र गर्दी तुमच्याच दिशेची असते. तेव्हा ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी पकडा, किंवा सरळ रिक्षा करा. त्या एका स्टेशनासाठी पोराला चेंगरायचं कारण नाही.

प्लॅटफॉर्मवर त्याला कडेवरच ठेवा. गाडी आणि फलाट यांच्यात जी फट असते तिच्यात एवढंसं पाऊल सहज जाईल. चढता-उतरताना बोट धरून चालवणं वगैरे लाड नकोत. बाबागाडी घेतली असेल तर ती माळ्यावर टाका. इथले फूटपाथ, त्यावरच्या मोटारसायकली आणि स्टेशनचे जिने बघता ती ढकलण्यापेक्षा उचलावीच जास्त लागते. झोळीसारखा कापडी पट्टा किंवा पाठीवरची सॅक आणि कडेवर पोर, हेच खरं.

आणि कुठेच जायचं नसेल त्या दिवशी रेल्वेच्या पादचारी पुलावर जाऊन उभं राहायचं. खालून लांब पल्ल्याची गाडी धडधडत गेली की पुलाचा पत्रा तळपायाला थरथरतो, आमची लेक तेवढ्यासाठी चपला काढायची. लोकलमध्ये स्टेशनांची नावं मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत येतात. ती ऐकून ऐकून ती आंघोळीच्या वेळी ‘पुढील स्टेशन, साबण’ अशा घोषणा करायला लागली. बागेतल्या घसरगुंडीने तिला यातलं काही दिलं नसतं.

बागांबद्दल सांगायचं तर मुलुंड पूर्वेला चिंतामणराव देशमुखांच्या नावाचं उद्यान आहे, तुम्हाला रोजच्यासाठी तेच धरायला हरकत नाही. पण रोज एकाच वेळी जा. रोज नवीन बाग दाखवायची ही आपली मोठ्यांची हौस. दोन वर्षांच्या पोराला तेच झाड, तीच मांजर, तोच पाइप घेऊन पाणी मारणारा माळी हवा असतो, आणि नसला की तो विचारतो. शिवाय ओळखी होतात त्या जागेमुळे नाही, ठरलेल्या वेळेमुळे. साडेपाचच्या आज्या वेगळ्या, सातच्या आया वेगळ्या. मला पहिली मैत्रीण मिळाली ती आमच्या दोघींच्या पोरी एकाच बादलीवरून भांडल्या म्हणून.

समुद्राचं गणित शिकायला मला जरा वेळ लागला, पण आता ते डोक्यात पक्कं बसलंय. किनाऱ्यावर पोराला न्यायचं तर ओहोटीला न्यायचं. भरतीत वाळू उरतच नाही आणि लाटांमुळे आपलं लक्ष सतत त्याच्या दंडावर. ओहोटी कधी, हे काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे द्वितीयेला दोन पाऊणे दीड, दीडच्या सुमारास भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण पोराला घेऊन जायला एवढा हिशोब पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे ओहोटीला पाणी जास्तच मागे हटतं. म्हणून सकाळी जायचं असेल तर बीज किंवा तीज धरा, संध्याकाळी जायचं तर चतुर्दशी-पौर्णिमा. अष्टमीच्या नादी लागू नका, ओहोटी ऐन दुपारी बाराला आणि तीही नावापुरती. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच, त्यातले रविवार हेरून ठेवायचे.

आपल्याला गिरगाव चौपाटी बरी पडते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी, चर्नी रोडला उतरलं की समोर समुद्र. तिथे ओहोटीला ओल्या वाळूवर नखाएवढे खेकडे असतात. बारीक भोक, आणि त्याभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या, किरणांसारख्या रांगांनी मांडलेल्या. खेकडा वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्यासारखं चाखतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पाऊल वाजलं की सगळे एकदम गायब. मग उकिडवं बसायचं, हलायचं नाही. थोड्या वेळाने एकेक परत वर येतो. एरवी एका जागी क्षणभर न टिकणारी आमची कार्टी तिथे पुतळा होऊन बसायची. या गोळ्या पाहायला तिकीट नाही, रांग नाही. पुढची भरती आली की सगळं पुसून जातं, त्यामुळे पुढल्या खेपेला पुन्हा नवी रांगोळी.

पायात चपला मात्र ठेवाच, काचा असतात. आणि पावसाळ्यात ओल्या वाळूवर बिलकुल सोडू नका. त्या दिवसांत निळ्या फुग्यासारखे ‘ब्लू बॉटल’ किनाऱ्याला लागतात. दिसायला इतके सुंदर की पोरगं हात घालणारच, आणि त्यांचे तंतू मेलेल्या अवस्थेतही डसतात.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर डबक्यांचं सांगते. पोरांना डबक्यात उड्या मारायच्याच असतात, मारू द्या, पण रस्त्यावरच्या पाण्यात नाही. एक तर खाली उघडं मॅनहोल असू शकतं, दुसरं म्हणजे त्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप, होतो. महापालिका दर पावसाळ्यात कानीकपाळी ओरडत असते ते उगीच नाही. बिल्डिंगच्या गच्चीवर परवानगी मिळाली तर सोन्याहून पिवळं. ताजं पावसाचं पाणी, चारी बाजूंनी कठडा, आणि ओले कपडे घेऊन दोन जिने उतरलं की घर.

भायखळ्याची राणीबाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. हे आधीच सांगते, कारण बुधवारी गेटवर रडणारी पोरं मी पाहिली आहेत. मुलुंडहून धीम्या गाडीने थेट भायखळा, गाडी बदलायची नाही. पेंग्विनसाठी सगळे धावतात. बघा, पण सुट्टीच्या दिवशी त्या गर्दीत पोराला पेंग्विनपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसतात. मला राणीबाग आवडते ती झाडांसाठी. 1862 पासूनची बाग आहे, गोरखचिंचेचा बुंधा असा की पोराला घेऊन त्याला प्रदक्षिणा घालता येते. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या आवारात घारापुरीचा तो मोठा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तुटला आणि इथेच राहिला. आमच्या लेकीला पिंजऱ्यातल्या वाघापेक्षा हा हत्ती भारी वाटला, कारण तो पळत नाही आणि झोपतही नाही.

फ्लेमिंगो बघायला शिवडी-ऐरोलीला जा असंही कुणीतरी सुचवेल. हिवाळ्यापासून मेपर्यंत येतात, दृश्य खरंच सुंदर असतं, पण दोन वर्षांच्या मुलाला दूर चिखलात गुलाबी ठिपके दिसतात आणि जवळ बसलेल्या कावळ्यात जास्त रस वाटतो. पाच वर्षांचा होऊ द्या.

त्यापेक्षा संध्याकाळी मासळीबाजारात चक्कर मारा. खात नसलात तरी. मिरज काय, अकोला काय, आपल्याकडे समुद्राची मासळी एवढी ताजी कुठे बघायला मिळणार? पापलेट चंदेरी, बोंबील लिबलिबीत, आणि दोरीने नांग्या बांधलेले खेकडे डोळे बाहेर काढून बघत असतात. कोळीणमावशीला ‘हात लावू का’ असं विचारून घ्या. बहुतेक जणी लावू देतात, वर पोराच्या हातात एखादी कोळंबी ठेवून त्याची फजितीही बघतात. फक्त त्यांच्या गिऱ्हाइकाच्या वेळेत मध्ये उभं राहू नका.

पिशवीत काय ठेवायचं ते प्रत्येकीचं वेगळं असतं. माझ्याकडे पाण्याच्या दोन बाटल्या असायच्या, एक प्यायला आणि एक धुवायला. दोन चड्ड्या, जुना पंचा, मुरमुऱ्याचा डबा. पंचा सगळ्यात उपयोगी. बसायला, पुसायला, डोक्यावर घ्यायला आणि परतीच्या गाडीत झोपलेल्या पोराखाली घालायला. संध्याकाळी बागेत डास असतात, तेव्हा पायभर पॅंट.

मिस्टरांना सुट्टी असेल त्या दिवशी, तेही पावसाळा सोडून, एक मोठी फेरी करा. घाटकोपरला उतरा, तिथून मेट्रो थेट वर्सोव्याला जाते. 2014 साली सुरू झालेली मुंबईची ही पहिली मेट्रो, बारा स्टेशनं, सगळी वरून जाते, त्यामुळे पोराला खाली बस, गच्च्या, वाळत घातलेले कपडे सगळं दिसत राहतं. वर्सोव्याहून रिक्षाने धक्क्यावर जायचं आणि मढची फेरीबोट पकडायची. पाच-दहा मिनिटांचं पाणी, पण बोटीत माणसं, मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या सगळं एकत्र चढतं. एकाच दिवसात लोकल, मेट्रो, रिक्षा, बोट. पलीकडे उतरून चहा घ्या आणि पुढच्या बोटीने परत या, मढला आणखी काही बघायची गरज नाही. तिकिटासाठी सुटे पैसे जवळ ठेवा. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, तेवढी बोट मात्र भरतीची साधा.