सोलापूर शहराला स्वतःचा खासदार कधी?

प्रश्न : विडी घरकुलात राहतो. शहर एवढं वाढलंय, मग पंढरपूर, अक्कलकोट सोडून नुसत्या शहराचा वेगळा लोकसभा मतदारसंघ का होत नाही ओ?

उत्तर : अहो, एका शहरासाठी मतदारसंघ असा मागून मिळत नाही, सगळा हिशोब जनगणनेचा. 2008 ला हद्दी बदलल्या तेव्हा पंढरपूर मतदारसंघ गेला न् माढा नवीन आला, पण राज्याच्या जागा 48 च राहिल्या, कारण 84 व्या घटनादुरुस्तीने जागांचा आकडा 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलाय. आणि नुसत्या शहराची लोकसंख्या एका खासदारकीला पुरतच नाही, शहर उत्तर न् शहर मध्य या विधानसभा मतदारसंघांना जोडायला अक्कलकोट, मोहोळ, दक्षिण सोलापूर, पंढरपूर लागतंच. बार्शीकरांना विचारा, जिल्हा सोलापूर आणि खासदार धाराशिवचा!