चिनी लोक घरी रोज मंचाव सूप पितात का?

प्रश्न असा आहे की चीनमध्ये घरी रात्रीचं साधं जेवण कसं असतं आणि आपल्याकडे गाडीवर मिळतं तसलं सूप ते रोज पितात का. मी कामानिमित्त साडेतीन वर्षं दक्षिण चीनमधल्या ग्वांगझो शहरात होतो, तर तिकडच्या घरांमधलं सांगतो.

पहिली गोष्ट, मंचाव तिकडे कुणाला माहीतच नाही. ते पूर्णपणे आपलं, मंचुरियनचं भावंड. हॉट अँड सॉर मात्र खरंच चिनी आहे, पण त्यातला तिखटपणा पांढऱ्या मिरीचा असतो, वर शेजवान चटणीबिटणी काही नाही.

मी राहायचो त्या मजल्यावर समोर एक साठीच्या बाई होत्या. तिकडे मावशीला किंवा कुठल्याही मोठ्या बाईला मँडरिनमध्ये (चीनच्या प्रमाण भाषेत) 'आयी' म्हणतात, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून हाक मारायला अवघड गेलं नाही :) एकदा त्यांनी बाऊलभर सूप आणून दिलं, कमळकाकडी आणि डुकराच्या बरगड्यांचं. मी एक घोट घेतला आणि मनात म्हटलं हे तर आजारी माणसाचं पाणी. मग घरात जाऊन त्यात सोया सॉस, मिरपूड आणि कॉर्नफ्लॉवर घालून चांगलं 'चायनीज' केलं आणि वर शहाणपणा म्हणजे आयींना चाखायला दिलं. त्यांनी एक घोट घेतला, बाऊल खाली ठेवला आणि मला प्यायला गरम पाणी दिलं. बस, विषय संपला.

पुढे त्यांच्याच स्वयंपाकघरात उभा राहून बघितलं तेव्हा कळलं. हाडं आधी गार पाण्यात टाकून उकळवायची, वर राखाडी फेस येतो, ते पाणी सगळं फेकायचं, हाडं धुवायची आणि मग नवीन पाण्यात कमळकाकडी, मूठभर शेंगदाणे, दोनचार लाल सुके खजुरासारखे बोर (तिकडचे मोठे असतात), आल्याचा तुकडा, आणि बारीक गॅसवर दोन-अडीच तास. मीठ अगदी शेवटी. कमळकाकडी शिजली की तोडताना बारीक तार सुटते आणि सूपला हलका गुलाबी रंग येतो. कँटोनीज लोक, म्हणजे ग्वांगझोकडचे स्थानिक, याला 'लौ फो थोंग' म्हणतात, म्हणजे खूप वेळ विस्तवावर ठेवलेलं सूप. कधी कोहळा, कधी चवळी-शेंगदाणे आणि कोंबडीचे पाय (हो, आपलीच चवळी!). आणि 'तळलेलं खाल्लं की अंगात उष्णता होते, कोहळा थंड' हे आयी अगदी माझ्या आजीच्या सुरात सांगायच्या.

जेवण म्हणाल तर सहा-साडेसहाला. आधी सूप, कारण तिकडे दक्षिणेत सूप जेवणाआधी पितात, मग छोट्या वाडग्यात भात, आलं आणि पातीच्या कांद्यासोबत वाफवलेला मासा, लसणावर दोन मिनिटं परतलेली हिरवी पालेभाजी, नाहीतर टोमॅटो-अंडं. बस एवढंच, तेलाचा थेंब मोजून नाही पण तर्री वगैरे अजिबात नाही. सूपातलं मांस नंतर सोया सॉसमध्ये बुडवून खातात, पण चव सगळी पाण्यात उतरलेली असते त्यामुळे ते चोथ्यासारखं लागतं, मला तरी नाही आवडलं. सूप मात्र तिसऱ्या महिन्यापासून असं झालं की ऑफिसमधून दमून आल्यावर तेच पाहिजे, आपल्याला कशी पावसाळ्यात कुळथाचं कढण किंवा टोमॅटोचं सार-भात लागतो ना, तसंच.

आता पुण्यात अडीच तास गॅस कोण जाळणार, मी कुकरलाच लावतो, कोंबडीची हाडं आणि कोहळा, चार शिट्ट्या. पण आठवड्यातून दोनदा तरी जे होतं ते टोमॅटो-अंड्याचं, दहा मिनिटांचं काम. टोमॅटो थोड्या तेलात मऊ होईपर्यंत परतायचे, पाणी घालून उकळी आणायची, मीठ, चिमूटभर साखर. मग फेटलेलं अंडं बारीक धारेनं फिरवत सोडायचं आणि पाचसहा सेकंद हात लावायचा नाही. लगेच ढवळलं तर पाणी गढूळ होतं, थांबलात तर अंड्याच्या पातळ पाकळ्या तयार होतात. वरून पातीचा कांदा आणि असेल तर तिळाच्या तेलाचे दोन थेंब. उरलं तर सकाळी त्यात नूडल्स टाकून खा, आमच्याकडे सहसा उरत नाही.