मुंबईहून वयस्कर आई-वडिलांना द्रासचे कारगिल युद्ध स्मारक दाखवायचे आहे. श्रीनगरमार्गे जावे की लेहमार्गे?

श्रीनगरमार्गे जावे आणि वाटेत सोनमर्गला एक मुक्काम करावा. मुंबईहून विमानाने थेट लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, उतरल्यास विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. श्रीनगर मात्र सुमारे १,६०० मीटरवर असल्याने तेथून चढण टप्प्याटप्प्याने होते आणि शरीराला सवय व्हायला सवड मिळते. अडचण एवढीच, की वाटेतली जोजिला खिंड हिवाळ्यात बर्फामुळे बंद होते, त्यामुळे जून ते सप्टेंबर हाच काळ धरावा. त्यातही, तोलोलिंगच्या पायथ्याशी असलेल्या स्मारकाच्या गुलाबी वालुकाश्माच्या भिंतीवरील हुतात्म्यांची नावे निवांत वाचायची असतील, तर २६ जुलैच्या कारगिल विजय दिनाच्या आसपासचे दिवस टाळलेले बरे. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड तिकडे चालत नाही, पोस्टपेड न्यावे.